मठवाशांची खोळ

पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगास, कऱ्हा, नीरा आणि भीमा या तीन नद्यांच्या आश्रयाने वसलेल्या बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांनी साधूंचे, फकिरांचे आणि भक्तांचे जितके वेष पाहिले आहेत, तितके फार थोड्या मुलखांच्या वाट्यास आले असतील. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी दरसाल याच वाटेने काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी असे टप्पे घेत इंदापुरास जाते, आणि काटेवाडीत परीट मंडळी तिच्यापुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतात. मालोजीराजे भोसल्यांच्या जहागिरीतील इंदापुरास चांदशहावलीचा दर्गा आहे, आणि दर्गा म्हटला की फकिराची कफनी आलीच. बारामतीत कऱ्हेच्या काठी श्रीधरस्वामींनी शके 1640 मध्ये ‘शिवलीलामृत’ पुरे केले आणि त्याच गावी मोरोपंतांनी आर्या रचीत आयुष्य वेचले, तेव्हा हरिदासांच्या उपरण्यांची आणि कथेकऱ्यांच्या पागोट्यांचीही येथे वाण नव्हती. परंतु डोक्यावर टोकदार खोळ ओढून आणि हात लांब बाह्यांत लपवून मान खाली घालून चालणारा ख्रिस्ती मठवासी मात्र या रस्त्याने गेल्याचे ऐकिवात नाही.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. बारामतीच्या बाजूस ख्रिस्ती धर्माचे काम विसाव्या शतकाच्या आरंभापासून ज्यांनी उभे केले, ते ऑस्ट्रेलियातील ‘चर्चेस ऑफ क्राइस्ट’ या पंथाचे मिशनरी होते, आणि या पंथाच्या विचारात मठ, आजन्म व्रते, व्रतस्थांचे संघ, इतकेच काय पण उपाध्यायाचा वेगळा पोशाख, यांपैकी कशालाच थारा नाही. हे लोक चारचौघा गृहस्थांच्या पोशाखात आले आणि त्याच पोशाखात वावरले. पुढे दुष्काळी वर्षांत ‘कासा’ या चर्चप्रणीत मदत-संस्थेकडून आलेले धान्य मजुरीपोटी वाटून या भागात पाझर तलाव खोदले गेले, तेव्हाही ख्रिस्ती माणसाची ओळख इथल्या रयतेला पटली ती पोत्यांवरून आणि फावड्यांवरून, झग्यावरून नव्हे. म्हणून इकडच्या वाचकाला खोळवाला मठवासी माहीत असतो तो इंग्रजी कादंबऱ्यांतून आणि चित्रपटांतून, आणि तेथे तो बहुधा काही तरी काळे कृत्य करून अंधाऱ्या जिन्याने उतरत असतो. या चित्राने त्या वस्त्रावर मोठा अन्याय केला आहे. कारण ज्या वस्त्राला आपण गूढतेचे चिन्ह मानू लागलो, ते जन्मतः शेतकऱ्याचे, गुराख्याचे आणि वाटसरूचे पावसाळी पांघरूण होते, आणि त्याचा सख्खा भाऊबंद आजही बारामती-इंदापूरच्या माळावर मेंढरांमागून हिंडताना दिसतो.

सणगराच्या मागावर विणलेले, चिंचोक्याची खळ पाजून कडक केलेले काळे घोंगडे घ्यावे, ते दुमडून त्याच्या एका टोकाचा कोपरा डोक्यावर चढवावा आणि उरलेले पाठीवरून पोटऱ्यांपर्यंत सोडून द्यावे, की धनगराची खोळ झाली. दख्खनी मेंढराची लोकर राठ आणि उपजत तेलकट असल्यामुळे पावसाचे पाणी तिच्यात एकदम मुरत नाही. ते टोकावरून आणि पाठीवरून ओघळून जाते, आणि आतला माणूस काठीला हनुवटी टेकून तासच्या तास उभा राहू शकतो. या दोन तालुक्यांत पाऊस बेताचाच पडतो. परंतु जो पडतो तो उघड्या माळावर वाऱ्यासह येतो, आणि आडोसा म्हणून तेथे एखादी बाभूळ असली तर असली. अशा ठिकाणी छत्री ही चैनीची आणि कुचकामाची वस्तू ठरते. दोन्ही हात मोकळे ठेवणारे, रात्री अंथरूण होणारे आणि फाटले तरी ठिगळ सोसणारे खोळीसारखे दुसरे वस्त्र नाही.

नेमका हाच विचार दोन हजार वर्षांपूर्वी रोमन साम्राज्याच्या उत्तरेकडील प्रांतांतल्या कुणब्यांनी केला होता. गॉल आणि ब्रिटन येथील शेतकरी, गाडीवान, मेंढपाळ आणि सीमेवरचे शिपाई जाड लोकरीची ‘कुकुल्लुस’ नावाची टोपडेवजा खोळ वापरीत. कधी ती नुसती डोके-खांदे झाकण्यापुरती, तर कधी अंगभर लांब असे. त्या प्रांतांत खोळ पांघरलेल्या ठेंगण्या देवतांच्या मूर्ती सापडतात, आणि इंग्लंडात हेड्रियनच्या तटावरील हाउसस्टेड्स येथे तर अशा तीन आकृती एका ओळीत उभ्या कोरलेल्या आहेत. कुणब्याचा देव कुणब्याचेच पांघरूण घेतो, हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. रोम शहरात मात्र या वस्त्राची प्रतिष्ठा नव्हती. उपहासकवी जुवेनाल याने सम्राज्ञी मेसालिना रात्री तोंड लपवून बाहेर पडते असे वर्णिले आहे, आणि त्या कामी तिच्या डोक्यावर हीच खोळ दिली आहे, यावरून राजधानीतील थोरामोठ्यांच्या लेखी तिचा उपयोग काय तो कळावा.

आता चौथ्या शतकाच्या आरंभापासून मिसर देशाच्या वाळवंटात जे ख्रिस्ती तपस्वी एकांतात अथवा लहान लहान वस्त्या करून राहू लागले, त्यांच्या डोक्यावर खोळ आली ती वेगळ्या वाटेने. जॉन कॅसियन नावाचा एक विद्वान या तपस्व्यांत काही वर्षे राहिला, नंतर फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्से या बंदरी आला, आणि तेथे 420 सालच्या सुमारास त्याने मठजीवनाच्या शिरस्त्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या पहिल्याच भागात पोशाखाचा तपशील आहे, आणि तेथे तो सांगतो की मिसरचे तपस्वी मानेपर्यंत आणि खांद्यांपर्यंतच येणारी तोकडी खोळ रात्रंदिवस घालतात, कारण ती लहान मुलांचे लेणे आहे, आणि ते घातल्याने बालकाच्या निष्पापपणाचे आणि सरळपणाचे अहर्निश स्मरण राहते. म्हणजे आपल्याकडे बारशाला बाळाच्या डोक्यावर जी खणाची कुंची चढवितात, तिच्याच जातीचे वस्त्र ते दाढीवाले, उपासांनी वाळलेले वृद्ध जाणूनबुजून घालीत होते! खोळीला लाभलेला हा पहिला धार्मिक अर्थ, आणि पुढे विद्वानांनी तिला जे अनेक अर्थ चिकटविले त्यांत मला हाच सर्वांत प्रामाणिक वाटतो. पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरांनी तो अंश जपला. केरळातील मलंकरा पंथाच्या बिशपांच्या छायाचित्रांत डोक्याला घट्ट बसलेली, कशिद्याने क्रूस भरलेली जी काळी टोपी-खोळ दिसते, ती सीरियातील मठवाशांकडून आलेली आहे आणि कॅसियनने पाहिलेल्या खोळीच्याच कुळातली आहे.

परंतु कॅसियनच्या ग्रंथातील खरे शहाणपण पुढेच आहे. मिसरचा सगळा पोशाख वर्णन करून झाल्यावर तो आपल्या गॉल प्रांतातील शिष्यांना बजावतो की, यातले जे इथल्या हवेला आणि लोकरीतीला साजेल तेवढेच घ्या. इथल्या हिवाळ्यात नुसत्या चपला आणि एक कुडते पुरणार नाही, आणि मिसरची तोकडी कातडी पांघरून हिंडलात तर पाहणाऱ्याला बोध होण्याऐवजी हसू येईल. वैराग्याचा वेष हास्यास्पद होता कामा नये, ही सूचना त्या काळी एका कडक तपस्व्याने करावी, हे विशेष होय. तिचेच पुढे नियमात रूपांतर केले ते इटलीतील संत बेनेडिक्ट यांनी. मोंते कासिनो येथे सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी रचलेली नियमावली पश्चिम युरोपातील मठांची जणू सनदच ठरली, आणि तिचे पंचावन्नावे प्रकरण सर्वस्वी कपड्यांना आणि जोड्यांना वाहिलेले आहे.

हे प्रकरण वाचताना एखाद्या जाणत्या कारभाऱ्याने लिहिलेले कोठीचे दफ्तर वाचावे असा भास होतो. कपडे स्थळकाळ आणि हवामान पाहून द्यावेत, थंड मुलखात जास्त, उष्ण मुलखात कमी, आणि याचा निर्णय मठाधिपतीकडे. मध्यम हवेच्या ठिकाणी प्रत्येकास एक अंगरखा आणि एक खोळ पुरेशी. खोळ हिवाळ्यात केसाळ लोकरीची, उन्हाळ्यात पातळ किंवा वापरून झिजलेली. अंगमेहनतीच्या वेळी घालावयास खांद्यांवरून पुढे-मागे सोडलेला एक पट्टा. रात्रीसाठी आणि धुण्यासाठी बदली म्हणून अंगरखे दोन आणि खोळी दोन, याहून जास्त असेल तो चोचला समजून काढून टाकावा. नवा कपडा घेताना जुना परत करावा, म्हणजे तो गोरगरिबांसाठी कोठीत ठेवता येईल. प्रवासास निघणाऱ्याला नेहमीपेक्षा थोडे बरे कपडे द्यावेत, आणि परत आल्यावर त्याने ते धुऊन जमा करावेत. आणि रंग कोणता, पोत जाडाभरडा की कसा, याविषयी कोणी तक्रार करू नये. जो जिन्नस त्या प्रांतात मिळत असेल आणि जो स्वस्त पडेल तो घ्यावा. या अख्ख्या प्रकरणात खोळीला पवित्र म्हटलेले नाही, तिचा आध्यात्मिक अर्थ सांगितलेला नाही, तिच्या लांबीरुंदीचे प्रमाण दिलेले नाही. लोकांचा स्वस्त, स्थानिक कपडा वापरा, एवढाच काय तो हुकूम, आणि सहाव्या शतकातील इटलीत लोकांचा स्वस्त, स्थानिक, पावसाथंडीचा कपडा खोळ हाच होता.

मग हा वेष अद्भुत केव्हा झाला? माझ्या मते मठवाशांनी त्यात फारसा बदल केला नाही, म्हणूनच तो अद्भुत झाला. शतकानुशतके गावकरी आपला पोशाख बदलीत गेले, कुणब्यांनी खोळ टाकून टोप्या धरल्या, आणि मठात मात्र जुनाच शिरस्ता चालू राहिला. तेव्हा ज्या वस्त्राने माणसाला चारचौघांत मिसळून टाकावयाचे, तेच वस्त्र त्याला शंभर पावलांवरून ओळखू येईल असे वेगळे काढू लागले.

त्यात मठाच्या आतल्या उपयोगांची भर पडली. मठवाशांच्या डोक्याचा वरचा भाग मुंडित असे, दगडी मंदिरांत शेकोटी नसे, आणि दिवसाची पहिली प्रार्थना तर मध्यरात्रीनंतर, उत्तर युरोपच्या कडाक्यात, उभ्याने म्हणावयाची; अशा वेळी खोळीचे मोल काय असेल ते सांगावयास नको. हळूहळू तिचे वर-खाली करणे यालाही एक शिष्टाचार जडला. आसनस्थ होऊन ऐकताना ती डोक्यावर, देवाच्या नामोच्चाराशी वंदन करताना ती पाठीवर; आणि ज्या मठांत मौन कडक, तेथे डोक्यावर ओढलेली खोळ म्हणजे या माणसाशी बोलू नये अशी खूण. पुढे बेनेडिक्टी परंपरेत रुंद बाह्यांचा, घोळदार, अंगभर लांब असा जो खोळवाला झगा रूढ झाला, तो रोजच्या कामाचा न राहता केवळ उपासनेचा ठरला, आणि उमेदवारी संपवून जो आजन्म व्रते घेतो त्यालाच तो त्या दिवशी मिळू लागला. त्याच झग्यात त्याला पुरतात. ट्रॅपिस्ट नावाच्या कडक संघाच्या मठांत तर शवपेटीही नसते, चेहऱ्यावर खोळ ओढतात आणि देह तसाच मातीत ठेवतात.

इंदापूरच्या मेंढपाळाला ज्याची कथा सर्वांत जवळची वाटेल असा एक संघ या मठवाशांत आहे. 1098 साली बर्गंडीतील सितो येथे काही बेनेडिक्टी मठवासी मूळ नियमाकडे परत जावे म्हणून वेगळे झाले, आणि त्यांच्यापासून सिस्टर्शियन संघ निघाला. रंगविलेले कापड ही उधळपट्टी, असे ठरवून त्यांनी मेंढराच्या अंगची लोकर जशी असेल तशीच विणून वापरावयास सुरुवात केली. काळ्या झग्यांच्या बेनेडिक्टींसमोर हे ‘पांढरे मठवासी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. वस्तीपासून दूर, पडीक, डोंगराळ जमिनी त्यांना दानात मिळत, आणि अशा जमिनीत पिकण्याजोगे एकच पीक होते, ते म्हणजे मेंढरू. इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात फाउंटन्स आणि रिव्हो यांसारख्या मठांनी हजारोंनी मेंढ्या पाळल्या आणि त्यांची लोकर फ्लँडर्स आणि इटलीच्या व्यापाऱ्यांना, कित्येकदा पुढच्या अनेक वर्षांचे करार करून, विकली. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्यांच्या कोठारात संपत्ती साचली ती अशी स्वतःच्या साधेपणाच्या आडून. आणि 1193 साली इंग्लंडचा राजा रिचर्ड परमुलखात कैद झाला, तेव्हा त्याच्या खंडणीसाठी या मठांची एका सालाची सगळीच्या सगळी लोकर सरकारजमा झाली. आमच्याकडचा धनगर दिवाळीनंतर वाडा घेऊन घाट उतरतो, वाटेत शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरे बसवितो आणि त्याच्या बदल्यात धान्य घेतो. त्याच्या घोंगड्यावर राजाची खंडणी भागविण्याची पाळी आल्याचे मला ठाऊक नाही.

तेराव्या शतकात मठाच्या भिंती सोडून गावोगाव भिक्षा मागत फिरणारे नवे संघ निघाले, आणि खोळ रस्त्यावर आली. डॉमिनिकच्या अनुयायांनी पांढऱ्या अंगरख्यावर काळा, खोळवाला अंगरखा घेतला. असिसीच्या फ्रान्सिसने 1223 सालच्या नियमात आपल्या बंधूंना खोळीसह एक आणि हवा असल्यास बिनखोळीचा दुसरा, असे अंगरखे मंजूर केले, आणि त्यांना गोणपाटाची ठिगळे लावण्यास आशीर्वादासह मोकळीक दिली. वारकऱ्याच्या मनाला पटणारा हा माणूस. पण त्याच्या पश्चात त्याच्या बंधूंत जी भाऊबंदकी माजली तिच्यात कपड्यासारखी क्षुल्लक वस्तू प्राणांवर उठली. दारिद्र्याचे व्रत अक्षरशः पाळू पाहणारे कडवे बंधू आखूड, तोकडे, ठिगळांचे झगे आणि लहान खोळी वापरीत. मठात सुस्थिर झालेल्या बंधूंचे झगे लांब आणि घोळदार. हा तंटा पोपच्या दरबारात गेला, आणि पोप बाविसावा जॉन याने 1317 च्या ऑक्टोबरात फर्मान काढले की झगा केवढा असावा हे वरिष्ठांनी ठरवावे आणि इतरांनी ते मुकाट्याने मानावे. दारिद्र्य थोर खरे, पण आज्ञापालन त्याहून थोर. चौघांनी ते मानले नाही. 1318 सालच्या मे महिन्यात त्यांना जाळण्यात आले, आणि तेही मार्से शहरात, जेथे नऊशे वर्षांपूर्वी बसून कॅसियनने, हवा आणि लोकरीत पाहून कपडा घ्या, असे लिहिले होते. धर्मसंस्थेच्या इतिहासात उपरोधाला तोटा नाही. परंतु इतका भौगोलिक उपरोध क्वचितच आढळतो.

फ्रान्सिसची खरी खोळ कोणती, हा प्रश्न मात्र त्या चितेबरोबर विझला नाही. दोनशे वर्षांनी, 1525 साली, मात्तेओ द बाशो या इटालियन बंधूची खात्री झाली की मूळ खोळ लांब आणि टोकदार होती, आणि तो तशी खोळ घालून, दाढी राखून, अनवाणी बाहेर पडला. तीनच वर्षांत, 1528 मध्ये, पोपची मान्यता मिळून कपुचिन संघ उभा राहिला, आणि लोकांनी त्याला नाव दिले तेही खोळीवरूनच. वस्त्राच्या एका टोकावरून निराळा संघ निघावा, हे आम्हां गंधाच्या आडव्या-उभ्या रेषांवरून पंथ ओळखणाऱ्यांना हसण्यासारखे वाटू नये.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर खोळ आली ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन यांचे मठ होते आणि त्यांचे पडके सांगाडे आजही पाहावयास मिळतात. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा हे खोळवाले गेले. त्यांच्या देवळांतल्या घंटा मात्र घाट चढून आल्या, आणि त्यांतील एक भीमाशंकरास, म्हणजे जी भीमा पुढे इंदापूर तालुक्याच्या सीमेवरून वाहते तिच्या उगमाशी, बांधली गेली. मुंबईत इंग्रजांनी 1720 साली पोर्तुगीज पाद्र्यांना काढून कार्मेलाइट संघास आणविले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अनास्तासियस हार्टमन या स्विस कपुचिनाच्या हाती तेथील कॅथलिकांचा कारभार होता. तेव्हा ती टोकदार खोळ मुंबईच्या दमट हवेतही नांदून गेली. बेनेडिक्टचे पंचावन्नावे प्रकरण त्या घामात कोणाला आठवले असेल काय, असा प्रश्न मनात येतो.

जेझुइटांची गोष्ट निराळी. त्यांच्या घटनेने त्यांना विशिष्ट वेष ठरवूनच दिलेला नाही; त्या त्या देशातील सभ्य धर्मोपदेशकाला शोभेल ते त्यांनी घालावे. 1616 साली ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करणारे फादर स्टीफन्स याच संघाचे, म्हणून मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ बिनखोळीच्या माणसाच्या हातून झाला. आणि याच मोकळिकीचा आधार घेऊन रॉबर्ट द नोबिली यांनी मदुरेत 1606 नंतर काषाय वस्त्रे धारण केली. त्यावर जो मामला उभा राहिला तो रोमपर्यंत गेला आणि 1623 साली पोपने नोबिलींच्या बाजूने फैसला दिला. त्यांच्या नावाचे विद्यालय आज पुण्यात नगर रस्त्यावर आहे.

पुण्यास खोळीच्या कुळातले व्रतस्थ आले ते इंग्लंडच्या अँग्लिकन पंथाकडून, हे जरा अनपेक्षित आहे, कारण त्या पंथाने सोळाव्या शतकात आपले मठ मोडून टाकले होते. 1866 साली ऑक्सफर्डजवळ काउली येथे रिचर्ड बेन्सन यांनी पुरुषांचा संघ पुन्हा स्थापिला, आणि त्याचे पाद्री पुढल्या दशकात मुंबई-पुण्यास आले. 1877 पासून वाँटेज येथील धर्मभगिनीही पुण्यात काम करू लागल्या, आणि 1885 साली पंचहौद मिशनचे पवित्र नाम देवालय उभे राहिले. याच मिशनात 1890 साली झालेल्या चहापानावरून टिळक-रानड्यांसह पुण्याच्या प्रतिष्ठितांवर ग्रामण्य ओढवले, ते प्रकरण सर्वश्रुत आहे. पंडिता रमाबाईंना 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा मिळाला तो वाँटेजच्या भगिनींकडे असतानाच, आणि ज्या नेहेमिया गोरे यांच्या लेखनाचा त्यांच्यावर प्रभाव होता, ते नीलकंठशास्त्री गोरे काउली संघात उमेदवार म्हणून राहिले, परंतु अखेरची व्रते त्यांनी घेतली नाहीत. चित्पावन शास्त्र्याने युरोपी व्रतस्थाचा झगा घातल्याचे हे दृश्य, आज विचार केला तर, दोन्ही बाजूंच्या सनातन्यांना सारखेच खुपण्यासारखे होते.

खरा पालट घडला तो नगर जिल्ह्यात. नगरला काम करणारे इंग्रज पाद्री जॅक विन्स्लो यांनी जून 1922 मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापिला. नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, 1917 साली, ‘देवाचा दरबार’ मांडून ख्रिस्ती संन्यासाची जी वाट दाखविली होती, तिचा ठसा या कल्पनेवर स्पष्ट आहे. संघातील इंग्रज आणि मराठी बंधू जमिनीवर बसून जेवीत, शाकाहार करीत, आणि हातमागाच्या खादीचे पांढरे कपडे घालीत. पुढे संघाचा आश्रम पुण्यास आला, आणि आदिवासींचे अभ्यासक म्हणून नंतर प्रसिद्धीस आलेले व्हेरियर एल्विन 1927 साली हिंदुस्थानात आले ते याच संघाचे बंधू म्हणून. आता गंमत पाहा: याच आश्रमात राहिलेले अल्जी रॉबर्टसन 1930 च्या सुमारास इंग्लंडास परतले, तेथे त्यांच्या शाखेचे दुसऱ्या एका बंधुसंघाशी ऐक्य झाले, आणि त्यातून जो अँग्लिकन फ्रान्सिस्कन संघ निघाला त्याने तपकिरी, दोरीने कमर बांधलेला, पाठीवर खोळ असलेला झगा धारण केला. एकाच प्रवाहाने पुण्यात खादी नेसली आणि डॉर्सेटच्या थंडीत खोळ चढविली. यात विसंगती शोधणाऱ्याने बेनेडिक्टचे प्रकरण पुन्हा वाचावे. मला तर त्याची इतकी चोख अंमलबजावणी दुसरीकडे आढळत नाही.

भगिनींविषयी थोडे सांगावयाचे राहिले. त्यांच्या डोक्यावर खोळीऐवजी शिरोवस्त्र असते, उमेदवारीत बहुधा पांढरे आणि व्रते घेतल्यावर काळे. उपासनेचा घोळदार झगा त्यांनाही मिळतो, पण त्याला खोळ नसते, कारण डोके आधीच झाकलेले. गोव्यात 1606 साली सुरू झालेला सांता मोनिका हा पूर्वेकडील पहिला भगिनीमठ अशाच शिरोवस्त्राखाली, कडक एकांतात नांदला. येथेही लोकांचाच पोशाख कालांतराने वेष बनल्याचा पडताळा मिळतो. 1633 साली फ्रान्समध्ये सुरू झालेल्या ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ या संघाच्या भगिनी पॅरिसभोवतालच्या खेड्यांतील बायकांचेच कपडे घालीत, हेतू हा की गरिबांच्या घरात शिरताना त्या परक्या वाटू नयेत. खेड्यातील ते शिरोवस्त्र पुढे खळ देऊन कडक झाले, रुंदावले, दोन्ही बाजूंस पंखांसारखे पसरले, आणि गाडीच्या दारातून आत शिरताना मान तिरपी करावी लागेल अशा अवस्थेला पोहोचल्यावर, 1964 साली, एका दिवसात निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने व्रतस्थांचे वस्त्र साधे, गरिबीला शोभणारे, आरोग्यास हितकर आणि देशकालास अनुरूप असावे असे ठरविले. मदर तेरेसांनी त्याआधीच, 1948 साली, लोरेटो संघाचा युरोपी झगा उतरवून निळ्या काठाची पांढरी साडी नेसली होती. महाराष्ट्रातील रुग्णालयांत आणि शाळांत आज साडीतल्या भगिनी सर्रास दिसतात, आणि डोक्यावरून पदर घेतलेल्या अशा भगिनीला बारामतीच्या बाजारात कोणी वळून पाहणार नाही. मला वाटते, मिसरच्या आणि मोंते कासिनोच्या तपस्व्यांना वस्त्राकडून एवढेच हवे होते.

मठवासी पुरुषांत हे धाडस करणारे थोडे निघाले. ब्रिटनी येथील केरगोनान मठाचे बेनेडिक्टी आंरी ल सो 1948 साली हिंदुस्थानात आले, 1950 मध्ये कावेरीकाठी शांतिवनम् आश्रमाच्या स्थापनेत सहभागी झाले, आणि काळी खोळ टाकून त्यांनी अभिषिक्तानंद या नावाने भगवी वस्त्रे घेतली. बेल्जियमचे सिस्टर्शियन फ्रान्सिस माह्यू यांनी 1958 साली केरळच्या डोंगरात वागमणजवळ कुरिशुमला आश्रम काढला. ज्या संघाने युरोपात मेंढरे पाळली त्याच्या या शाखेने येथे संकरित गाई पाळल्या, आणि आसपासच्या शेतकऱ्यांना दुधाच्या धंद्याला लावले, ज्याची महती बारामतीकरांना वेगळी सांगण्याचे कारण नाही. उपासनेची रीत सीरियन, आसन जमिनीवर, वस्त्रे भगवी. 1998 साली कुरिशुमलाला सिस्टर्शियन संघाचा अधिकृत मठ म्हणून मान्यता मिळाली, आणि नऊशे वर्षांच्या पांढऱ्या लोकरीच्या परंपरेत भगव्या सुती कपड्याचा हा मठ दाखल झाला तेव्हा तेथील साधूंनी आपला पोशाख बदलला नाही.